मांजराची साखर घरी तपासता येते का?

तुमच्या मांजरीला मधुमेह निघालाय, सारखं दवाखान्यात नेणं जमत नाही, तर माणसांच्या ग्लुकोमीटरवर घरी साखर बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येते. आमच्या बंडूची, अकरा वर्षांच्या बोक्याची, मी दोन वर्षं बघतेय.

खरं तर घरीच बघावी. कोथरूडहून रिक्षाने, नळ स्टॉपच्या गर्दीत ओरडत ओरडत दवाखान्यात पोचला तेव्हा बंडूची साखर 380 होती. घरी, त्याच्या लाडक्या गोधडीवर, संध्याकाळी 230. घाबरलं की निरोगी मांजराचीही साखर चढते.

रक्त कानाच्या कडेचं घ्यायचं. कडेलगत एक बारीक शीर दिसते, ती आणि कड यांच्या मधल्या पट्टीत टोचायचं. पहिला आठवडा मला थेंबच मिळेना, कारण कान गार. शेवटी सासूबाईंनी मूठभर तांदूळ तव्यावर कोमट करून जुन्या मोज्यात भरून दिले. आधी आपल्या मनगटाला लावून बघा, मग मिनिटभर कान शेका. कानामागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्याच बोटात शिरते (मला तीनदा शिरलीये). थेंब मशीनच्या पट्टीला लावला की टोचलेली जागा थोडा वेळ दाबून धरा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. आता मशीनचा डबा खडखडला की स्वारी आपणहून येऊन बसते.

माणसांचं मशीन मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून मशीन बदलत राहू नका आणि कुठलं वापरता ते डॉक्टरांना सांगा. इन्सुलिनच्या आधी रोज आकडा बघते. एका सकाळी 74 आला, तेव्हा इंजेक्शन न देता आधी डॉक्टरांना फोन केला. महिन्यातून एखाद्या रविवारी बारा तास दर दोन तासांनी मोजून वहीत मांडते. डोस ठरतो तो त्या वहीवरून आणि तोही डॉक्टर ठरवतात. एका आकड्यावरून आपण हात घालायचा नाही.

सिरिंज मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लाल टोपणाची 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट असलेल्या) इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची 100 च्या. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तितक्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो.

साखर फार उतरली तर मांजर लडखडतं, मलूल पडतं, झटकेही येतात. हिरड्यांना मध चोळा (झटका चालू असताना तोंडात काही ओतू नका, बोटही घालू नका) आणि तडक दवाखाना गाठा. आमच्या मधाच्या बाटलीवर 'बंडू' लिहून ठेवलंय, नाहीतर यांच्या लिंबूपाण्यात संपते.