बाजाराने प्रदूषण कमी होतं का? नव्याने वाचणाऱ्यासाठी

सिद्धांत नंतर वाच. आधी अमेरिकेतल्या आम्लवर्षेचं प्रकरण घे. १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर, म्हणजे पाऊस आम्लधर्मी करणाऱ्या वायूवर, एकूण मर्यादा घातली, टनामागे एक असे परवाने दिले आणि ते विकायची मुभा ठेवली. कुणी धुराड्याला स्क्रबर, म्हणजे धुरातला हा वायू शोषणारं यंत्र, बसवला, कुणी दूरच्या वायोमिंग राज्यातून कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने मागवला. तो परवडला, कारण १९८० मध्ये रेल्वेभाड्यावरचं सरकारी नियंत्रण सैल झालं होतं. बाजारवाले हे रंगवून सांगतात. मर्यादा सरकारचीच होती आणि धुराड्यात मोजयंत्रं सक्तीची होती, हे मात्र हळूच गिळतात. कोळशाच्या धुरातूनच निघणाऱ्या पाऱ्याला हेच सूत्र लावताना जपून. तो जवळच्याच तळ्यात उतरला, तर लांबच्या केंद्राने केलेली कपात तिथल्या मासे खाणाऱ्याच्या काय कामाची?