रान म्हणजे जंगल नव्हे

‘सर, मी अकरावीला आहे, कला शाखा. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यम. पुढे अनुवाद किंवा सबटायटलिंगचं काम करायचंय, पण मराठी कच्चं आहे. आजीने आनंद यादवांचं ‘झोंबी’ वाचायला दिलं. मैत्रीण म्हणाली, भुतांचं आहे का? बारा दिवसांत वीस पानं झालीत आणि वहीत 214 शब्द. बाबा म्हणतात, यूपीएससीलाही मराठी असतं, त्यापेक्षा समानार्थी शब्दांचं पुस्तक पाठ कर. हे सोडून देऊ का?’
– एक विद्यार्थिनी, ठाणे

पुस्तक सोडू नकोस. वही सोड, निदान महिनाभर.

बारा दिवसांत वीस पानं म्हणजे तू वाचत नाहीयेस, शब्द वेचतेयस. कागलच्या मळ्यात राबणारं एक पोर शाळेत जायला मिळावं म्हणून घरच्यांशीच झगडतंय, आणि तू त्याला बांधावर उभं करून मोबाइलमध्ये अर्थ शोधत बसलीस. कोण कंटाळणार नाही? 1987 साली आलेल्या या पुस्तकाला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. 1990 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बालपण मात्र यादवांचं स्वतःचं, आणि शब्दही त्या बालपणातल्या कामांचे आहेत. म्हणूनच ते एकेकटे लक्षात राहत नाहीत.

मोट घे. नुसता शब्द लिहून पुढे ‘विहिरीतून पाणी काढायचं कातडी साधन’ असा अर्थ लिहिलास तर परवा विसरशील. पण बैल उतारावरून खाली निघालेत, जाड नाडा ताणलाय, मोट वर येतेय, सोंदूर म्हणजे बारीक दोर तिची सोंड ओढून धरतोय आणि पाणी भसकन थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडात पडतंय, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की चार शब्द एका दमात आले. बैल ज्या उतारावर चालतात तिला धाव म्हणतात.

ही ‘धाव’ तुझ्या 214 शब्दांत नसणार, पैज लावतो. कारण धाव तुला ‘येते’. माझी खरी काळजी तिथेच आहे. अनोळखी शब्दाशी आपण थांबतो, ओळखीच्याला नमस्कार करून पुढे जातो. दंड म्हणजे तुझ्या लेखी शिक्षा, मळ्यात तो पाण्याचा छोटा पाट. आणि रान! माझ्याकडे आलेल्या एका मुलाने नमुना म्हणून केलेला अनुवाद दाखवला होता. मूळ वाक्य साधं : आई भाकरी घेऊन रानात गेली. त्याच्या इंग्रजीत ती बाई जंगलात पोचली. कोल्हापूरकडे रान म्हणजे शेत, रोजचं, घरचं. पोराने व्याकरणाची एकही चूक केली नव्हती, पण पुढची तीन पानं वाचणाऱ्याला वाघाची वाट बघावी लागली असती.

तेव्हा एक प्रकरण मोबाइल दूर ठेवून सलग वाच. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब दे, बस्स. ओळखीचा शब्द जिथे विचित्र वागतोय असं वाटेल तिथेही टिंब दे, तिथे तर आवर्जून. प्रकरण संपल्यावर मागे ये. निम्मी टिंबं तोवर आपोआप सुटलेली असतात. उरलेल्यांपैकी जे शब्द पुन्हा पुन्हा येतात तेवढेच कोशात बघ. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोल्सवर्थ तर तुझ्यासारखीला मेजवानी आहे. एका शब्दाचं इंग्रजी बघायला जाशील आणि अर्ध्या तासाने परत येशील. महिन्याने वही उघडलीस की तिच्यात अर्थ लिहू नकोस, ते अख्खं वाक्य उतर आणि ते कोण बोलतंय हे लिही.

कोण बोलतंय, हे तुझ्या धंद्यात महत्त्वाचं. पिकातलं तण काढण्याला कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण, कोकणात बेणणी, आणि बऱ्याच ठिकाणी खुरपणी. उद्या एखाद्या वेब सीरिजमधली यवतमाळची शेतकरीण तुझ्या मराठीत ‘भांगलायला चालले’ म्हणाली, तर तिकडचा प्रेक्षक हसेल. भांगलण तुला कळली पाहिजे, पण वापरताना मात्र दहादा विचार कर. मला स्वतःला पाठ केलेल्या समानार्थी यादीची भीती वाटते ती यामुळेच. यादी सगळ्या शब्दांना एका रांगेत बसवते आणि कुणाचं गाव सांगत नाही.

आता बाबांचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. सरळसेवेच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी, वाक्प्रचार विचारतात, आणि तिथे तसलं पुस्तक गुण देतं. यूपीएससीचा मराठीचा पेपर मात्र वेगळा. 300 गुणांपैकी 25 टक्के मिळवले की उत्तीर्ण, ते गुण अंतिम बेरजेत धरत नाहीत. त्यात निबंध, उतारा, सारांश, दोन्ही बाजूंनी अनुवाद आणि थोडं शब्दप्रयोगाचं असतं. वाक्य लिहिता येणाऱ्यालाच तो सोपा जातो. त्यांना हे सांग, पण वाद घालू नकोस. अजून तुझी अकरावीच चाललीय. बारावीनंतर बी.ए.ला मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवता येतील असं कॉलेज आत्तापासून शोध, हे मी वही-पेन्सिलीपेक्षा जास्त गांभीर्याने सांगतोय.

आणि आजीला विचार, तिने मोट चालताना पाहिलीय का. पत्रात तिच्या गावाचा उल्लेख नाही, पण एवढं जाड पुस्तक तिने नातीच्या हातात उगाच दिलं नसेल. तिच्याकडे तण काढण्याला काय म्हणायचे, तेही विचार. मग एकविसाव्या पानापासून सुरू कर.