बान्छानला तोंडीलावणं म्हणावं का?

मालगुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीकडे पुण्याला गेल्या असताना गजबजलेल्या रस्त्यावरच्या एका साध्याशा कोरियन हॉटेलात त्या जेवल्या. मागवलेलं जेवण यायच्या आधीच टेबलावर लहान लहान वाट्या आल्या. किमची (तिखट लावून आंबवलेला कोबी), तीळतेल लावलेले मोडाचे मूग, पालक, गोडसर परतलेले सुके मासे. बिलात त्यांचे पैसे नव्हते. मुलगी म्हणाली, हे बान्चान, म्हणजे साइड डिश. ताई विचारतात, याला 'तोंडीलावणं' म्हटलं तर चालेल का, आणि मूळ शब्द लिहायचा कसा?

चालेल काय, तेच म्हणावं. 'साइड डिश' म्हटलं की मधे एक मुख्य पदार्थ आणि बाकीचे त्याच्या कडेला, असं वाटतं. रोजच्या कोरियन जेवणात मुख्य असतो तो भात. भात आणि जेवण या दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द आहे. 'बान्छान' हा शब्द मात्र दोन चिनी अक्षरांवरून आलाय. पहिल्याचा अर्थ शिजवलेला भात, दुसऱ्याचा वाढलेले पदार्थ. भात ज्याच्याशी खायचा ते बान्छान, मग ती चिमूटभर भाजी असो की तळलेला मासा.

शंका येते ती शहरी मराठीमुळे. तिथे तोंडीलावणं आकसून पानाच्या डाव्या बाजूला जाऊन बसलंय: चटणी, कोशिंबीर, लोणचं, फार तर पापड. मासा आणि अंडं तोंडीलावण्यात कसं धरायचं, असं पुण्यातल्या माणसाला वाटणारच. पण आपल्या किनाऱ्यावर तो अर्थ अजून शाबूत आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज झाली की घरात पहिला प्रश्न असतो, 'तोंडी लावायला काय?' उत्तर कधी खारातली कैरी, कधी सुक्या जवळ्याची चटणी, तर कधी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. तो काटे काढून कुस्करायचा, त्यात कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि आमसुलाचं पाणी घालून किसमूर करायची. हे डाव्या बाजूचं की उजव्या बाजूचं, असं कुणी विचारत नाही. पेज ज्याने घशाखाली उतरते ते तोंडीलावणं.

ताईंनी खाल्लेले गोडसर मासे बहुधा म्येल्छी-बोक्कुम असणार. आपल्या मांदेलीच्या कुळातलेच, पण बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नाहीत. आधी कोरडे भाजतात, मग सोया सॉस आणि पाकात चकाकी येईपर्यंत परततात. आमच्याकडच्या कुठल्याही आजीला ते पेजेबरोबर वाढून बघा, काय म्हणायचं ते ती लगेच सांगेल.

दोन फरक मात्र ध्यानात ठेवावेत. आपलं तोंडीलावणं ज्याच्या त्याच्या पानात वाढतात. बान्छान मधे ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. भात आणि सूप तेवढं प्रत्येकाचं वेगळं. उष्ट्या-खरकट्याचा विचार करणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं. दुसरं, जुन्या कोरियन रीतीत ताटाचा मान या वाट्या मोजून ठरे. साध्या घरी 3, मग 5, 7, 9, आणि राजाच्या ताटाला 12. भात, सूप, किमची आणि सॉस या मोजणीत धरतच नसत, कारण ते असायचंच. आपणही पानातले पदार्थ मोजताना मीठ धरत नाही.

पैशांचं म्हणाल, तर कोरियात साध्या खाणावळीतही वाट्या संपल्या की पुन्हा मागतात आणि त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. म्हणून 'फुकटची साइड डिश' हे वर्णन मला खटकतं. पंगतीत दुसऱ्यांदा वाढलेल्या कोशिंबिरीला आपण फुकटची म्हणत नाही.

आता लेखन. 'बान्चान' नको, 'बान्छान' लिहा. कोरियन उच्चारात तिथे श्वास सोडलेला ठळक छ आहे. रोमन लिपीतल्या स्पेलिंगमुळे आपण च लिहितो, आणि मराठीत च पुढे आ आला की वाचणारा 'चांगला'तला दंत्य च उच्चारायची शक्यता असते. छ लिहिला की तो घोटाळा होत नाही. सुरुवातीचा ब खरं तर प आणि ब यांच्या मधला आहे, त्याला आपल्याकडे अक्षर नाही, ब ठेवावा. याच न्यायाने 'किम्छी' लिहायला हवं, पण 'किमची' आता सगळीकडे रुळलाय, तो बदलायचा आग्रह मी धरणार नाही. लिंग नपुंसक, तोंडीलावण्याप्रमाणे: ते बान्छान, आणखी थोडं बान्छान वाढा.