प्रार्थना करू, पण ठरवायचं कधी?

प्रश्न : आमच्या गावच्या मंडळीला पावसाळ्यापासून पाळक नाहीत. निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत, दान आटलंय, चर्चचं छप्पर गळतंय. पंचकमिटीत मी विषय काढला की अध्यक्ष म्हणतात, "बाई, देवावर सोपवा, प्रार्थना करू." आणि बैठक संपते. मी सेक्रेटरी. जास्त बोलले तर 'विश्वास कमी' असं ऐकावं लागतं. काय करू?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : बाई, सलाम. प्रार्थना करू म्हणणाऱ्याशी मी, निवृत्त असलो तरी पाळक, कसा भांडणार? पण बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय कमिटीत मोठ्यानं वाचा.

यरुशलेमचा कोट पडल्याचं कळल्यावर नहेम्यानं किसलेव ते नीसान, म्हणजे चारेक महिने, उपास-प्रार्थना केली. मग तो ज्याच्या पदरी चाकरीला होता त्या पारसच्या अर्तहशश्त राजानं विचारलं, तुझं मागणं काय? याच राजानं पूर्वी त्या नगराचं बांधकाम बंद पाडलं होतं, बायबलातल्याच एज्राच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात आहे ते. नहेम्या घाबरला, मनात देवाचा धावा केला, आणि बोलला. काय बोलला ते बघा : इतकी मुदत द्या, वाटेतल्या अधिपतींना पत्रं द्या, वनाचा अधिकारी आसाफ याला लाकडासाठी पत्र द्या. वेशींना लाकूड, कोटाला लाकूड, स्वतःच्या घरालाही! हे ऐन वेळी सुचत नाही. रडता-रडता माणूस हिशेबही करत होता. तरी राजानं होकार दिला त्याचं श्रेय त्यानं देवाच्या वरदहस्ताला दिलं, स्वतःच्या हुशारीला नाही. देवावर विसंबणं मी याला म्हणतो.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं बघा. त्यांच्या प्रार्थनेबद्दल कुणाला शंका नाही, पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी छप्पर, धान्य, पाणी सगळं उभं करावं लागलं.

पाळकांची नेमणूक तुमच्या हातात नाही. त्यासाठी वरिष्ठांना एक अर्ज धाडा आणि खरंच देवावर सोडा. छपराचं तसं नाही. पत्रे किती, अँगल किती, मजुरी किती, हे मिस्त्रीकडून कागदावर घ्या. पुढच्या बैठकीत तो कागद प्रार्थनेची विनंती म्हणूनच वाचा आणि प्रार्थना अध्यक्षांनाच चालवायला सांगा, आकड्यांसकट. 'आमेन' झालं की तिथंच विचारा, वर्गणीला कोण कोण निघणार. तोडीवरची माणसं परतेपर्यंत थांबायचं ठरलं, तर तेही तारखेनिशी वहीत लिहा.