प्रत्येक बिल्डला वेगळा सेशन आयडी कसा द्यायचा? दोन ब्रँचचं टेस्ट कव्हरेज (टेस्टनी किती कोड तपासला ते) डॅशबोर्डवर एकत्र दिसतंय

तुम्ही जेनकिन्सचा (बिल्ड आपोआप चालवणारं टूल) बिल्ड नंबरच सेशन आयडी म्हणून पाठवताय ना, मग मिसळणारच. तो नंबर त्या जॉबपुरताच युनिक असतो, आणि मल्टिब्रँचमध्ये प्रत्येक ब्रँच म्हणजे वेगळा जॉब, त्यामुळे मेनचा १२ आणि फीचर ब्रँचचा १२ डॅशबोर्डला एकच वाटतो. बिल्ड आयडी नावाचं व्हेरिएबल दिसेल, पण जेनकिन्स १.५९७ पासून त्यात बिल्ड नंबरच येतो, आधी टाइमस्टॅम्प यायचा, जुनी उत्तरं वाचणारे तिथेच फसतात.

आम्ही इथे महापेला ॲपचं नाव, ब्रँच, बिल्ड नंबर आणि शेवटी यूयूआयडी (आपोआप बनणारा, दरवेळी वेगळा लांब कोड) असं जोडतो. नुसता यूयूआयडीही चालेल, पण रात्री काही फाटलं की नावावरून लगेच कळलेलं बरं. ब्रँचच्या नावातला स्लॅश काढून डॅश टाका, नाहीतर फाइल बनवताना फोल्डर समजलं जातं. नुसता कमिट हॅश (गिटमधल्या त्या बदलाचा कोड) नको, बेस इमेज (ज्यावर डॉकर इमेज बनते ती) बदलून तोच कमिट परत बिल्ड केला तर हॅश तोच राहतो. गिटहब ॲक्शन्सवर असाल तर री-रन केल्यावर रन आयडी बदलत नाही, सोबत अटेम्प्ट नंबरही लावा.

पण खरी गोची आयडी बनवण्यात नाहीच, तो पुढे नेण्यात आहे. दहावीचा सीट नंबर कसा सगळ्या पेपरांना तोच असतो, तसा आयडी पहिल्या स्टेजला एकदाच बनवून टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा आणि पुढच्या प्रत्येक स्टेजने तीच फाइल वाचायची. जेनकिन्सचा स्टॅश (फाइल एका स्टेजमधून दुसरीत नेण्याची सोय) त्या रनपुरताच असतो, टेस्टचा जॉब वेगळा असेल तर फाइल आर्काइव्ह करून तिकडे कॉपी करा. तोच आयडी डॉकर इमेजमध्येही घाला आणि हेल्थ चेकच्या यूआरएलवर दाखवा, टेस्ट सुरू व्हायच्या आधी फाइलमधला आणि यूआरएलवरचा आयडी जुळतायत का बघायचं, नाही जुळले तर तिथेच फेल. कारण क्यूएवर, म्हणजे टेस्टिंगच्या सर्व्हरवर, कालचाच बिल्ड चालू असतो, टेस्ट आजचा आयडी घेऊन जातात आणि रिपोर्ट हिरवागार, असल्या रिपोर्टपेक्षा रिपोर्ट नसलेला परवडला.

आणि हो, रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना ते बघणारी टेस्ट) परत चालवली तर बिल्डचा आयडी तोच ठेवा, टेस्ट रनला फक्त वेगळं नाव द्या, बरेच जण इथे नवीन बिल्ड आयडी बनवतात आणि मग कुठल्या बिल्डवर काय टेस्ट झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

पाइपलाइन डिक्लेरेटिव्ह आहे की स्क्रिप्टेड ते सांगा, त्याप्रमाणे ग्रूव्हीचा (जेनकिन्स पाइपलाइन लिहायची भाषा) तुकडा टाकतो.