आधी चर, मग जिप्सम: कालव्याखालच्या खारवट-चोपण जमिनींबाबत तीन प्रश्न

प्रश्न : नीरा डाव्या कालव्याखाली दोन एकर भारी काळी जमीन आहे. आडसाली ऊस जागोजागी पिवळा पडलाय, फुटवे कमी आहेत, वरंब्यावर पांढरा थर येतो. मागच्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी एक टन जिप्सम टाकले, फरक नाही. यंदा तो ‘जमीन सुधारक’ची दोन लिटरची बाटली ठिबकातून सोडायला सांगतोय. सोडू का? (ता. बारामती)

उत्तर : सोडू नका. माती तपासल्याशिवाय जिप्समचे आणखी एक पोतेही आणू नका.

एक एकराच्या वरच्या १५ सेंमी थरातल्या मातीचे वजन साधारण ८ लाख किलो भरते. त्यात दोन लिटर औषध काय करणार? मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम दर १०० ग्रॅम मातीमागे फक्त १ मिलिइक्विव्हॅलंटने (प्रयोगशाळेच्या अहवालातले माप) कमी करायचे तरी एवढ्या थराला जवळपास ७०० किलो शुद्ध जिप्सम लागते. चोपण जमीन पोत्यांनी सुधारते, बाटलीने नाही.

तुमचे जिप्सम वाया का गेले, तेही पाहा. पांढरा, मिठासारखा थर हे बहुधा खारवट जमिनीचे लक्षण. तिचा सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असते. या जमिनीला जिप्सम नको, क्षार धुऊन खाली न्यायला पाणी आणि ते पाणी शेताबाहेर काढायला वाट हवी. चोपण जमीन वेगळी. तिचा सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांवर असते. ती ओली असताना चिकट, वाळली की दगड, पृष्ठभाग काळपट तेलकट. जिप्सम हिच्यासाठी, त्यातले कॅल्शियम कणांवरचे सोडियम सोडवते. दोन्ही दोष एकत्रही असतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. एप्रिल-मेमध्ये ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळे द्या. वरचा पांढरा थर त्यात मिसळू नका. विहिरीचे पाणीही तपासा. ते खारे असेल तर वर केलेले सगळे दरवर्षी पुसले जाईल.

अहवालात चोपण निघाली तरी पहिले काम निचऱ्याचे. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळते. म्हणजे टनाला सुमारे ५ लाख लिटर, एकरभर १२ सेंमी पाणी झाले. ते पाणी सुटलेले सोडियम घेऊन खाली उतरले नाही, तर सोडियम तिथेच राहते. शेतात दोन मीटर खोल भोक पाडून त्यात छिद्रांचा पाइप उभा करा आणि दर महिन्याला पातळी मोजा. पाणी दीड मीटरच्या आत उभे असेल तर जिप्समचे पैसे चराला लावा. चर काळ्या मातीत अर्धवट सोडू नका, मुरमापर्यंत न्या. मुरूम पाण्याने भरला की वरची जमीन चिबडते, म्हणजे पाणथळ होते.

निचरा झाल्यावर प्रयोगशाळेने सांगितलेल्या जिप्समच्या निम्मे, शेणखताबरोबर, मेअखेर पसरा. १०-१५ सेंमीतच मिसळा. नांगरटीने खोल गाडले की वरचा थर तसाच राहतो. उभ्या उसात टाकू नका. मग बांध घालून पावसाचे पाणी मुरू द्या. जमिनीत चुनखडी असेल तर गंधकही चालते, १ किलो गंधक म्हणजे सुमारे ५.४ किलो शुद्ध जिप्सम. पण त्याला हवा, ओल आणि काही आठवडे लागतात. चिबडलेल्या जमिनीत गंधक निव्वळ पडून राहते.

सगळ्यात स्वस्त उपाय धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचे पीक. दुकानदार तो सांगणार नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. ऊस निघाला की जूनमध्ये एकरी २० किलो बी पेरा आणि ४५-५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या तोंडावर गाडा. उशीर झाला की काड्या लाकडासारख्या होतात, कुजत नाहीत. ताग नको, पाणी साचले की तो बसतो. धैंचाशिवाय नवी लागण करू नका.

पिवळेपणावर युरिया ओतणे हीच दुसरी मोठी चूक. सामू जास्त असला की त्यातले नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. युरिया थोडाथोडा द्या, मातीने झाका. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात जिप्सम आपसूक येते. पालाश म्युरेटऐवजी (त्यात क्लोराइड असते) सल्फेटमधून द्या. आत्ता उभ्या पिकाला एक आड एक सरी पाणी द्या आणि साचलेले काढा. पुढच्या लागणीला को.एम. ०२६५ हा क्षार सोसणारा वाण घ्या. कोणताही वाण निचऱ्याची जागा घेत नाही, हे बेणे विकणारा सांगत नसतो.

प्रश्न : आजोबा म्हणायचे, कालवा आला आणि जमीन गेली. खरे का? (ता. इंदापूर)

उत्तर : अर्धे खरे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, तो ज्वारी-बाजरी वाचवायला. पैसा मात्र गुळाच्या उसात होता, म्हणून पाणी उसात मुरले. अभियंते विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत याच कालव्यावर आली, ऊस ठरावीक पट्ट्यात ठेवून पाणी पसरवायला. १९१० पर्यंत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या हॅरॉल्ड मान यांच्या अभ्यासाचा विषय झाल्या होत्या. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आले, नवे वाण मिळाले, टनेज वाढले. पाण्याची सवय तीच राहिली. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की गरज असो-नसो पाणी पाजायचे, पुढची पाळी कधी येईल सांगता येत नाही म्हणून. भारी जमिनीत एवढ्या पाण्याला खाली वाट नसते. पाणी वर चढते, सुकते आणि क्षार मागे ठेवते.

प्रश्न : भूमिगत पाइप निचरा एकट्याने करावा का? ठिबकला अनुदान किती? (ता. शिरोळ)

उत्तर : पाइप घालण्याआधी पाणी कुठे सोडणार ते ठरवा. ओढ्यापर्यंत वाट शेजाऱ्याच्या बांधातून जात असेल तर त्याच्यासह गटाने करा. एकट्याच्या पाइपात वरच्या शेताचेही पाणी येते. छिद्रांचे ८० मिमी पाइप साधारण १ ते १.२ मीटर खोल, फिल्टर गुंडाळूनच टाका. फिल्टर वगळून पैसे वाचवायला सांगणाऱ्या ठेकेदाराला परत पाठवा, काळी माती पाइप बुजवते. उतार लेव्हल लावून घ्या, नजरेने नको.

ठिबकला अल्प-अत्यल्पभूधारकांना मंजूर खर्चाच्या ५५, इतरांना ४५ टक्के. राज्याची पूरक रक्कम वेगळी. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी संच बसवू नका, विक्रेता कितीही घाई करो.