बिल्डरच्या भाड्यातून विम्याचा हप्ता

प्रश्न : माझं वय 56. लालबागला आमची 180 फुटांची पागडीची खोली होती. चाळ आता रिकामी झाली आहे. खाजगी बिल्डर 410 फुटांचा फ्लॅट देणार आहे आणि तीन वर्षांत ताबा मिळेल म्हणतो. तोवर दुसरीकडे राहायला तो महिना 30,000 भाडं देतो, त्यातलं दोन वर्षांचं 7 लाख 20 हजार एकदम मिळालं. आम्ही डोंबिवलीला 16,000 भाड्याने राहतो, म्हणजे महिन्याला 14,000 वाचतात. त्यातून बँकेतल्या मॅडमनी सुचवलेली गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली. वर्षाला 3 लाख, दहा वर्षं भरायचे, नंतर बाराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल 5 लाख 40 हजार मिळणार. पॉलिसी नुकतीच घरी आली. माझा पगार हातात 52,000, मुलाचा 26,000. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख येतील, 4 लाखांची एफडी आहे. बिल्डर 100 फूट जादा जागा 30,000 रुपये फुटाने देतोय, बाजारभाव बराच जास्त आहे. मुलाच्या नावावर कर्ज काढून घ्यावी का? खोलीची भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर आहे, ते गिरणीत होते, नऊ वर्षांपूर्वी गेले. दोन भाऊ आणि बहीण वेगळे राहतात, त्यांची काही हरकत नाही.

उत्तर : जादा जागा घेऊ नका. कारण पुढे सांगतो, पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट जादा जागा नाही, ती पॉलिसी आहे.

पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. या मुदतीला फ्री-लूक म्हणतात. तुमची मुदत चालू होती, म्हणून उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला कळवलं आहे. अर्ज विमा कंपनीच्या नावे लेखी द्या आणि शाखेत पोच घ्या, शिवाय ईमेलही करा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. बँकेतून फोन येईल, 'काका, एक वर्ष तरी चालू ठेवा' म्हणतील. ऐकू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा आणि तरीही दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा.

आता हिशेब. '30 लाख भरा, 54 लाख घ्या' हे ऐकायला छान वाटतं. पण पैसे भरल्यापासून परत मिळेपर्यंत प्रत्येक रुपया सरासरी बारा वर्षं अडकतो. परतावा निघतो वर्षाला साधारण 5 टक्के. साधी एफडीही याहून जास्त देते, आणि निवृत्तीनंतर तुम्हाला खुल्या होणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8 टक्क्यांच्या वर व्याज आहे. गॅरंटी खरी आहे, पण ती कमी परताव्याची गॅरंटी आहे.

परताव्यापेक्षा वाईट गोष्ट वयाची. 56 ला पहिला हप्ता, शेवटचा 65 ला. 58 ला पगार थांबणार. म्हणजे त्यापुढचे आठ हप्ते, 24 लाख रुपये, पगाराशिवाय भरायचे. तुमची पीएफ-ग्रॅच्युइटी 22 लाख. आयुष्यभराची जमा पूर्ण ओतली तरी ही पॉलिसी पुरी होत नाही, आणि पहिला पैसा हातात येईल तेव्हा तुम्ही 68 वर्षांचे असाल. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकताना त्याची जन्मतारीख फॉर्मवर समोर असते. ती पाहूनही सही घेतली जाते, याचा मला संताप येतो. पुनर्विकासाच्या चाळीत एकरकमी भाडं आलं की हे लोक दारोदार पोचतात. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, सगळीकडून मला हीच पत्रं येतात.

पण चूक फक्त त्यांची नाही. वाचलेले 14,000 तुम्ही दोनदा मोजले आहेत. दोन वर्षांची बचत 3 लाख 36 हजार. ती तुम्हाला आगाऊच मिळाली आणि त्यातले 3 लाख पहिल्या हप्त्यात गेले. पुढच्या वर्षीच्या हप्त्याला त्यातलं काही उरलेलं नाही. तो पगारातून काढावा लागेल, दर महिन्याला 25,000. डोंबिवलीचं भाडं अकरा महिन्यांनी वाढेल, नवं अ‍ॅग्रीमेंट आणि कदाचित पुन्हा दलाली, ते वेगळंच.

मुळात हे 3 लाख बचत नाहीतच. भाडं म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या छपराचे पैसे. बिल्डरचा तिसऱ्या वर्षाचा चेक आला नाही, तर तोवर भाडं वाढून 18,000 झालं असं धरलं तरी हेच 3 लाख तुम्हाला सोळा-सतरा महिने घरात ठेवतील. चेक थांबतात हे मुंबईला नवीन नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या 672 कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार 2008 साली झाला. पुढे भाडं थांबलं, काम थांबलं, शेवटी म्हाडाला ते स्वतः हाती घ्यावं लागलं. घरासाठी लोकांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ काढला.

तुमच्या चाळीचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षांत ताबा, हे गृहीत धरू नका. वरळीच्या बीडीडी चाळींचं भूमिपूजन 2017 साली झालं, आणि पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या ऑगस्ट 2025 मध्ये. तिथे जमीन सरकारची आणि काम म्हाडाचं होतं, तरी आठ वर्षं लागली. तुमचा हिशेब पाच वर्षांचा धरा. त्यातली तीन वर्षं तुमची निवृत्तीनंतरची असतील.

म्हणून पॉलिसीचे पैसे परत आले की ते आणि उरलेलं आगाऊ भाडं एका वेगळ्या खात्यात ठेवा, एक-एक वर्षाच्या एफडीत. त्याला हात फक्त घरभाड्यासाठी लावायचा. मुलाच्या लग्नालाही नाही.

दुसरी गोष्ट पावतीची. 'भावंडांची हरकत नाही' हे आजचं झालं. 180 फुटांच्या खोलीवर हरकत नसते, लालबागच्या 410 फुटांच्या फ्लॅटवर ती निघू शकते. तुम्ही वडिलांबरोबर शेवटपर्यंत राहत होतात, तर भाडे नियंत्रण कायद्यात तुमची बाजू भक्कम आहे. रेशन कार्ड, वीजबिलं, मतदार यादी, जे असेल ते गोळा करा. पण कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार कोणाच्या नावाने होणार, हे आधी तिघांच्या लेखी, नोटरी केलेल्या संमतीने ठरू द्या. वकिलाला दाखवून घ्या, दहा-पंधरा हजार लागतील, ते खर्च करा. हा करार नोंदणीकृत झालाय का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. झाला नसेल तर खोली रिकामी करून तुम्ही हातातली सगळ्यात मोठी ताकद सोडली आहे, आणि आता चाळीतल्या सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे लागायला हवं. पुढच्या भाड्यासाठी बँक गॅरंटी, म्हणजे बिल्डरने भाडं थकवलं तर बँक देईल अशी हमी, तीही सगळ्यांनी मिळूनच मागा. एकट्याने ऑफिसात गेलेल्या माणसाला चहा मिळतो, कागद मिळत नाही.

आता तुमचा प्रश्न. 100 फूट, 30,000 ने, 30 लाख. त्यावर 5 टक्के जीएसटी, दीड लाख. मुद्रांक आणि नोंदणी धरून 33 लाखांच्या वर जाईल. 30 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 29,500. मुलाचा पूर्ण पगार 26,000. बाजारभाव कितीही जास्त असला तरी तो फायदा फ्लॅट विकल्यावरच हातात येतो, आणि तुम्हाला तर तिथे राहायचंय.

राहायचंय म्हणूनच आणखी एक आकडा बघा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन, पार्किंग असतं. 410 फुटांना महिना 4,000 ते 5,000 मेंटेनन्स सहज येतो, 510 फुटांना त्याच प्रमाणात जास्त. चाळीत तुम्ही देत होतात ते भाडं याच्यापुढे काहीच नव्हतं. बिल्डर कॉर्पस, म्हणजे मेंटेनन्सला हातभार म्हणून एकरकमी पैसे, देणार असेल तर तो नेमका किती आणि कधी, हे करारात लिहून घ्या. प्रत्येक भाडेकरूला 3 लाख मिळाले तरी साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 1,600 सुटतात. उरलेले तीन हजार तुम्हालाच भरावे लागणार. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं नवा फ्लॅट मिळून दोन-चार वर्षांत विकून बदलापूर-विरारला गेली, त्यामागे बहुतेक वेळा हाच मेंटेनन्स होता. ज्या जागेसाठी त्यांच्या वडिलांनी पाळ्या केल्या, ती इतक्या किरकोळ रकमेसाठी सुटावी याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचे 22 लाख आले की त्यातले 15 ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. महिन्याला सरासरी दहा हजार व्याज येईल. पाच वर्षांपर्यंत त्यातून डोंबिवलीच्या भाड्याला हातभार लागेल, ताबा मिळाल्यावर मेंटेनन्स आणि मालमत्ता कर निघेल. जादा जागेसाठी बिल्डरच्या ऑफिसातून 'ऑफर या महिन्यापुरती' असा फोन आला, तर नको म्हणून सांगा आणि त्याच फोनवर कराराच्या नोंदणीची तारीख विचारा.